बेस्तरवारचा ओढा

खापरी ओढ्याला 'तालुक्यातला सर्वांत स्वच्छ ओढा' हा पुरस्कार मिळाला. ओढ्याला स्वतः येणं जमलं नाही, म्हणून त्याच्या वतीने तो मी स्वीकारला.

पण असं काही घडलेलं नाही. आमच्या मंडळाच्या सभेत चार विरुद्ध शून्य मतांनी तशी नोंद झालेली आहे. पुरस्काराची ढाल सध्या माझ्या अब्बांच्या गॅरेजमध्ये एका टेम्पोच्या जॅकखाली आहे, आणि ती ढाल नसून लाकडाची फळी आहे, हेही त्याच सभेत ठरलं. तेव्हा वरचा परिच्छेद तुम्ही वाचलेला नाही. आपण इथून सुरुवात करू.

माझं नाव नौशाद तांबोळी. चाकणजवळच्या एका कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. आमच्याकडे गाड्यांना लागणारे लोखंडी ब्रॅकेट तयार होतात आणि त्यांच्यावर पिवळसर मुलामा चढतो. तो पिवळा बरोबर पिवळा आहे का, हे हातातल्या रंगकार्डाशी ताडून मी 'ओके' किंवा 'रिजेक्ट'चं लेबल चिकटवतो. एका शिफ्टमध्ये साधारण अठराशे वेळा. घरी वरण एक शेड फिकं झालं तरी मला कळतं. अम्मी म्हणते, गप जेव.

दीड वर्षापूर्वी पुण्याच्या एका संस्थेने आमच्या कंपनीत येऊन विचारलं, की तुमच्या भागातल्या ओढ्यानाल्यांचं पाणी तपासायला कोणी स्वयंसेवक मिळतील का. ओढे इंद्रायणीला मिळतात, इंद्रायणी आळंदीला जाते, तिथे लोक ते पाणी तोंडात घेतात वगैरे. तीन हात वर झाले. एक माझा. दुसरा भीमराजचा, तो माझ्याच डिपार्टमेंटला, मूळचा उदगीरकडचा. तिसरा गणराजचा, तो स्टोअरला असतो, राहतो आकुर्डीत. गणराजला आम्ही अध्यक्ष केलं, कारण त्याच्याकडे आधीच्या कुठल्यातरी मंडळाचा रबरी शिक्का होता आणि त्यातलं फक्त नाव बदलायचं होतं.

संस्थेने एक निळी पेटी दिली. पीएच मोजायच्या पट्ट्या, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या बाटल्या, गढूळपणा बघायची एक लांब नळी, थर्मामीटर. बाकीचं शिस्तीचं सगळं आम्ही कंपनीतून नेलं. म्हणजे वस्तू नाही नेल्या, सवयी नेल्या. ओढ्याचं चेकशीट बनवलं. ओढ्याचा आलेख बनवला, त्यावर वरची मर्यादा लाल, खालची मर्यादा लाल. भीमराजने एक लेखी कार्यपद्धती तयार केली, नऊ पानांची. तिच्यातलं कलम चार असं: 'नमुना दर गुरुवारी सकाळी नऊ वाजता घेण्यात यावा. इतर कोणत्याही वारी घेतलेला नमुना अवैध समजण्यात यावा.'

गुरुवार का, तर आमच्या भागातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. जगाला रविवार, आम्हाला गुरुवार. आमची लग्नं, आमचे मुलगी बघायचे कार्यक्रम, आमच्या दाढदुखी, सगळं गुरुवारी. ओढाही गुरुवारी, यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही.

आणि काय ओढा होता राव! डोंगराच्या अंगाने येणारा पाझर, बारमाही. पीएच सात पूर्णांक चार. ऑक्सिजन लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅम, म्हणजे मासे सुखाने राहतील इतका. नळीतून बघितलं तर तळ दिसायचा. पहिल्या गुरुवारी तसं, दहाव्या गुरुवारी तसं, चाळिसाव्या गुरुवारी तसंच. भीमराजला आलेख बघून भरून यायचं. "भावा," तो म्हणायचा, "आपल्या प्रेस लाइनपेक्षा हा ओढा जास्त कंट्रोलमध्ये हाय."

खडकावर मंजुळाबाई असायच्या. खापरवस्तीवर त्यांचं घर, वय सत्तरच्या पुढे. काम गोधड्या धुण्याचं. चाकणच्या खोल्यांमधून राहणारी पोरं, मेसवाल्या बायका, त्यांच्या जड गोधड्या बादलीत बुडत नाहीत आणि मशीनमध्ये घातल्या तर मशीन चालू लागतं. त्या सगळ्या मंजुळाबाईंकडे यायच्या. आम्हाला बघितलं की त्या हाक मारायच्या, "आलं का बेस्तरवारचं पाव्हणं?" बेस्तरवार म्हणजे गुरुवार. मग किटलीतला चहा.

"पोरांनो, येक डाव मंगळवारी या की."

"मावशी, मंगळवारी आमची शिफ्ट असते."

"मंग वढ्याची बी असतीया."

आम्ही हसलो. चेकशीटमध्ये 'स्थानिक नागरिकांशी संवाद' असा रकाना होता, तिथे भीमराजने 'झाला' असं लिहिलं.

पंचेचाळिसाव्या आठवड्यात संस्थेने मंडळाला चौथी स्वयंसेवक पाठवली, विजयश्री. ती मारुंजीला राहते, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासते. तिची सुट्टी शनिवार-रविवार. तिने पेटी मागून घेतली आणि एका शनिवारी एकटीच ओढ्यावर गेली. तिने पाठवलेले आकडे असे: पीएच साडेनऊ, ऑक्सिजन एक, नळीत बोटभर खोलीच्या खाली काही दिसत नाही, वास येतो.

रात्रीच्या जेवणाआधीच तातडीची सभा भरली, फोनवर.

"ऑपरेटर नवीन आहे," गणराज म्हणाला.

"हाव ना. पहिल्या दिवशी मीबी मायक्रोमीटर उलटा धरलेला," भीमराज म्हणाला. कंपनीत कोणाची मोजणी इतरांशी जुळली नाही, की आम्ही माणसाला दोष देतो. आमच्याकडे त्यासाठी वेगळा फॉर्म आहे.

"अहो पण पाणी फेसाळ होतं, डोळ्यांनी दिसत होतं," विजयश्री म्हणाली. "मी फोटो पाठवू?"

"फोटोला कार्यपद्धतीत जागा नाही," अध्यक्षांनी सांगितलं.

शेवटी तिने रजा काढली आणि प्रशिक्षणासाठी गुरुवारी आली. भीमराजने तिला पट्टी कशी धरायची ते दाखवलं. तिने अगदी शनिवारी धरली होती तशीच धरली. पीएच सात पूर्णांक चार. भीमराज इतका खूश झाला, की त्याने तिथल्या तिथे प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र लिहून दिलं, गणराजने शिक्का मारला.

"म्हणजे मी शिकले की ओढा शिकला?" तिने विचारलं.

"तुम्ही," गणराज म्हणाला. "ओढ्याची प्रोसेस तीच आहे."

मंजुळाबाई खडकावरून बघत होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला आणि चहा ओतला.

बावन्न गुरुवार झाले. आम्ही वार्षिक अहवाल केला, स्पायरल बांधला आणि तालुक्याच्या जलस्वच्छता कक्षाला पाठवून दिला. सरकारने वाचावा अशी आमची अपेक्षा नव्हती. तो वाचला गेला, हा या गोष्टीतला पहिला अपघात.

महिनाभराने एका गुरुवारी मंजुळाबाईंनी चहा केला नव्हता. त्यांनी मला एकट्याला हाक मारली. पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढला. "नवशाद, वाच रं बाबा. सरकारी हाय."

मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी मंजुळाबाईंनी त्याच कक्षाकडे तक्रार दिली होती: ओढ्यात वरून कंपन्यांचं पाणी येतं, गोधड्यांना डाग पडतात, हातांना फोड येतात, पाहणी करावी. तेव्हा त्यांना सांगितलं होतं, पुरावा आणा. आता उत्तर आलं होतं. 'खापरी ओढा जलमित्र मंडळ यांनी सलग बावन्न आठवडे शास्त्रीय पद्धतीने केलेल्या तपासणीनुसार सदर ओढ्याचे पाणी उत्तम आढळून आले आहे. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

खाली प्रत कोणाला, तर आम्हाला. आमचं कौतुक म्हणून.

"म्हंजी वढा पास झाला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् मी नापास."

मी रोज अठराशे वेळा निकाल देतो, पण माल कधी उलटून बोललेला नाही.

"मला वाटलं व्हतं, तुमीच पुरावा," मंजुळाबाई म्हणाल्या. "म्हून तर वरीसभर च्या पाजला. म्हनलं, शिकल्याली पोरं हायेत, पेटी हाय, आज ना उद्या मंगळवारी येतील."

त्या घरात गेल्या आणि एक लहान गोधडी घेऊन आल्या. ती त्यांनी खडकावर पसरली. पांढऱ्या धोतराचे सात मोठे तुकडे एकाला एक जोडलेले. प्रत्येक तुकडा त्यांनी एकेका वारी ओढ्यात बुडवून, दिवसभर दगडाखाली ठेवून, मग वाळवून शिवला होता. सोमवार राखाडी. मंगळवार निळा, गोकर्णाच्या फुलासारखा नाही, पेनाच्या शाईसारखा निळा. बुधवार पुन्हा राखाडी, तेलकट. शनिवारी आणि रविवारी कसला तरी मातकट लाल. गुरुवार पांढरा. इतका पांढरा, की बाकीच्या सहांमध्ये तोच डाग वाटत होता.

"बेस्तरवारी कंपन्या बंद असत्यात," मंजुळाबाई म्हणाल्या, जसं एखाद्याला त्याचंच नाव सांगावं. "बुधवारी रातीपासनं वरनं काय येत न्हाई. पाझराचं पानी सगळं धुऊन नेतंय. मला हप्त्यातनं येकच दिस धुनं करता येतंय. आदी सात दिस करीत व्हते."

ओढ्याच्या वरच्या अंगाला चौदा शेड आहेत. चौदाही गुरुवारी बंद. आम्हीही गुरुवारी मोकळे, कारण आम्ही त्यातल्याच एका शेडमध्ये कामाला. बावन्न आठवडे आम्ही सुट्टीवर गेलेल्या ओढ्याची हजेरी घेत होतो. हे तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. तुम्ही आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटला नाही.

शुक्रवारचा तुकडा मी मुद्दाम शेवटी सांगतोय. तो पिवळा होता. मी खिशातून रंगकार्ड काढलं. कार्ड सुट्टीच्या दिवशीही खिशात असतं, त्याचं काही करता येत नाही. तुकड्याशेजारी धरलं. नंबर तीन, मध्यम पिवळा. शेड बरोबर, सगळीकडे सारखी, कुठे फिकट नाही. आमच्या कंपनीचा इतका एकसारखा माल मी आजवर बघितला नव्हता. हात आपोआप 'ओके'च्या लेबलकडे गेला आणि तिथेच राहिला.

गोधडी घेऊन मी मंडळाकडे गेलो. विजयश्रीने ती बघितली आणि फक्त स्वतःचं प्रमाणपत्र फाडलं. भीमराज पायरीवर बसला, बराच वेळ नऊ पानं चाळत राहिला. "राव, ह्याच्यात सगळं लिहिलंय," तो म्हणाला. "बाटली कशी धुवायची ते लिहिलंय. झाकण कुठल्या हातात धरायचं ते लिहिलंय."

त्याच आठवड्यात जलस्वच्छता कक्षाकडून पुरस्काराचं पत्र आलं. समारंभ गुरुवारी. गणराजला वाटलं, ही संधी आहे. स्टेजवर जायचं, पुरस्कार घ्यायच्या आधी तीन वाक्यं बोलायची, गोधडी पसरायची, तक्रार पुन्हा उघडा म्हणायचं. कक्षाच्या प्रमुख साहेबांसमोर, लोकांसमोर, फोटोग्राफरसमोर. सगळ्यांना पटलं. बोलायचं मी, कारण मी मराठीत न अडखळता खोटं बोलू शकतो, तर खरंही बोलू शकेन, असं विजयश्रीचं मत पडलं.

मंगल कार्यालय भरलं होतं. मंजुळाबाई पहिल्या रांगेत, नवी नऊवारी नेसून. नाव पुकारलं. मी दोन्ही हातांवर गोधडी घेऊन स्टेजवर गेलो. कोणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली, काखेत नारळ खोचला, ढाल हनुवटीखाली दिली. मी साहेबांकडे वळलो आणि म्हणालो, "साहेब, ही गोधडी बघा."

सूत्रसंचालक अनुभवी माणूस होता. समोर कोणी कापड घेऊन उभा आहे म्हटल्यावर तो माइकमध्ये म्हणाला, "आणि आता मंडळाच्या वतीने मान्यवरांचा सत्कार!" दोघातिघांनी गोधडी माझ्या हातातून घेतली आणि साहेबांच्या खांद्यांवर घातली. टाळ्या पडल्या. मंगळवार डाव्या खांद्यावर आला, शुक्रवार बरोबर छातीवर. गुरुवार मानेमागे गेला, तो कोणाला दिसलाच नाही.

"साहेब, हा पुरावा आहे!" मी टाळ्यांमधून ओरडलो.

"आहेच," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "प्रेमाचा."

फोटो निघाला. तोच पेपरमध्ये आला.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मंजुळाबाईंना घेऊन कक्षात गेलो. गोधडी साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर होती. माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मंजुळाबाईंनी पाण्याकडे बघितलं आणि प्यायल्या नाहीत.

"साहेब, ती गोधडी तपासणीसाठी होती," मी म्हणालो.

"मग आवक नोंदवहीत नोंदवायला हवी होती. आता ती सत्काराची वस्तू आहे. सत्काराची वस्तू पुरावा म्हणून घेता येत नाही."

"मग परत द्या, आम्ही नोंदवून देतो."

"परत दिली तर अपमान होतो."

"कोणाचा?"

साहेबांनी विचार केला. "तुमचा," ते म्हणाले.

मी नवीन आकडे पुढे ठेवले. विजयश्रीचा शनिवार, आणि भीमराजने पोट दुखतंय सांगून रजा काढून घेतलेला मंगळवार. साहेबांनी आमचा अहवाल उघडला, चष्मा लावला आणि बोट ठेवलं. कलम चार. "इतर कोणत्याही वारी घेतलेला नमुना अवैध. हे तुम्हीच लिहिलंय. शिक्काही आहे. मी तुमच्या पद्धतीचा आदर करतो."

मंजुळाबाई उठल्या. टेबलापर्यंत गेल्या आणि दोन्ही हात साहेबांसमोर पालथे ठेवले. बोटांच्या सांध्यांवर भेगा होत्या, काही ओल्या, काही जुन्या. "ह्ये कोन्त्या वारचं हाय, तेवढं सांगा सायेब," त्या म्हणाल्या.

साहेबांनी अहवाल मिटला. मग म्हणाले, "मी स्वतः येतो. उद्याच. मंगळवारी."

आणि ते खरंच निघाले, हे मान्य करायला हवं. सकाळी दहाला जीप निघाली. चाकणच्या चौकात ती कंटेनर, कंपनीच्या बस आणि आडव्या आलेल्या एका ट्रेलरमध्ये अडकली. साहेब दर अर्ध्या तासाने फोन करायचे. "मी पेट्रोलपंपापाशी." "मी अजून पेट्रोलपंपापाशी." दीड वाजता त्यांनी जीपमध्येच डबा खाल्ला. तीन वाजता परत फिरले. ओढा दिवसभर निळा होता. मंजुळाबाईंनी सहा कप चहा करून ठेवला होता.

"गुरुवारी येतो," साहेब फोनवर म्हणाले. "गुरुवारी रस्ते मोकळे असतात."

"साहेब, गुरुवारी कंपन्या बंद असतात."

"म्हणून तर मोकळे असतात."

गुरुवारी ते पस्तीस मिनिटांत पोचले. पाणी काचेसारखं. तळाचे खडे मोजून घ्यावेत इतकं. खंड्याही येऊन बसला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. साहेबांनी पायांतले बूट काढून पाण्यात पाय सोडले आणि पाहणीच्या कागदावर लिहिलं, 'उत्तम'.

"सायेब, उद्या या," मंजुळाबाई म्हणाल्या.

"उद्या रस्ता नाही हो आजी." त्यांना खरंच वाईट वाटल्याचं आवाजात कळत होतं. जीप धूळ उडवत गेली, मोकळ्या रस्त्याने.

आम्ही पाचजण खडकावर बसून राहिलो. सुरुवातीला सांगितलेली सभा ती हीच; तिच्यात पुरस्कार मिळालेला नाही असं ठरलं. तो मिळालेला असेपर्यंत ओढा स्वच्छ आहे, आणि ओढा स्वच्छ असेपर्यंत मंजुळाबाई नापास. कलम चार रद्द झालं. रजा आळीपाळीने काढायच्या, दर वारी एकाने जायचं, असं ठरलं. पहिला मंगळवार भीमराजने घेतला. शुक्रवार मी घेतला.

"आन् त्यवढ्यानं व्हईल?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"वर्ष लागेल मावशी. बावन्न आठवडे व्हावे लागतात."

त्यांनी आपले हात बघितले, मग ओढ्याकडे बघितलं. "मंग तवर असं करा. सायबाला म्हनावं, समद्याच वारांला बेस्तरवार करा. सरकार हाय, कायबी करू शकतंय."

विजयश्री हसली. भीमराज हसला. मी वही काढली आणि अर्ज लिहायला घेतला.

मी लिहीत असताना भीमराज खांद्यावरून वाचत होता. मुद्दा क्रमांक तीनवर तो थांबला. "भावा, हे काढ. नोकरी जाईल. कंपनीचं नाव नाही, पण तुझं तर हाय ना खाली."

"शेड बरोबर आहे ना?"

"शेडचं नाही बोलालो मी."

"मग राहू दे," मी म्हणालो.

गणराजने शिक्का मारला. मंजुळाबाईंनी अंगठा दिला. भेगांमुळे ठसा नीट उठला नाही, म्हणून त्यांनी दोन्ही हातांचे दिले.

अर्ज खालीलप्रमाणे.

प्रति,
मा. प्रमुख, जलस्वच्छता कक्ष.

विषय: आठवड्यातील वारांमध्ये बदल करून मिळणेबाबत.

महोदय,

१) खापरी ओढ्याचे पाणी दर गुरुवारी उत्तम असते, हे आपण व आम्ही, दोघांनीही प्रत्यक्ष पाण्यात उभे राहून प्रमाणित केले आहे.

२) उर्वरित सहा वारी ते उत्तम नसते. त्या वारी आपणांस रस्ता उपलब्ध नसतो व आम्हांस सुट्टी उपलब्ध नसते.

३) शुक्रवारचा पिवळा रंग खाली सही करणारा इसम ओळखतो. तो रोज तोच रंग तपासून पास करतो. विचारल्यास तो लेखी सांगेल. विचारावे.

४) आपल्या खुर्चीच्या पाठीवरील गोधडी कृपया एकदा उलटी टाकून पाहावी, म्हणजे गुरुवार समोर येईल व बाकीचे वार कसे आहेत ते तुलनेने दिसेल.

तरी श्रीमती मंजुळाबाई, राहणार खापरवस्ती, यांना पूर्वीप्रमाणे सातही दिवस गोधड्या धुता याव्यात, याकरिता सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार व रविवार हे सहा वार तात्काळ प्रभावाने रद्द करून त्यांच्या जागी गुरुवार लागू करण्यात यावा, व तसे आदेश ओढ्याच्या वरच्या अंगाच्या चौदाही शेडना पोचते करण्यात यावेत, ही नम्र विनंती.